छतावरचं ऊन, भट्टीतलं लाकूड

१९२१ साली देवासच्या थोरल्या पातीच्या महाराजांकडे ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज कादंबरीकार सहा महिने खासगी सचिव होते. त्यांच्याकडे कारभार कसला होता, तर बागांचा, टेनिसच्या मैदानांचा, मोटारींचा, पाहुण्यांच्या बंगल्याचा आणि वीजघराचा. लिहिण्यावाचण्याशी यातल्या कशाचाच फारसा संबंध नाही, असं त्यांनी स्वतःच थट्टेने लिहून ठेवलंय. ती पत्रं पुढे १९५३ साली ‘द हिल ऑफ देवी’ या नावाने छापली गेली. माझं माहेर देवासचं, त्यामुळे हे पुस्तक आमच्या घरात देवघराच्या वरच्या फळीवर असायचं. कोणी वाचलेलं नव्हतं ते सोडा. मला त्या यादीतली बाग आणि वीजघर ही जोडी फार आवडते. सकाळी माळ्याला पाण्याचं सांगायचं, संध्याकाळी दिवे लागतात की नाही ते बघायचं. शंभर वर्षांनी धारच्या आमच्या घरात हीच दोन खाती माझ्याकडे आली आहेत, आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही.

भांडणाचं मूळ कडुलिंब. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा नैर्ऋत्येला लावलेला. आता तो गच्चीच्याही वर गेलाय. छतावर सोलर बसवायचं ठरलं, तेव्हा मोजमाप घ्यायला आलेल्या पोराने मोबाइल आकाशाकडे धरला, गोल फिरला आणि म्हणाला, “आंटी, ये पेड़ तो जाएगा.” दुपारी तीननंतर झाडाची सावली पॅनेलच्या रांगेवर येणार होती. एका पॅनेलवर सावली आली की तिच्याबरोबरची सगळी रांग मंदावते, हे त्याने मला समजावून सांगितलं. बरोबरच होतं त्याचं. त्याला वीज बनवायची होती.

ह्यांनी कागद काढला. झाड तोडलं तर पश्चिमेच्या दोन खोल्या एप्रिल-मेमध्ये तापणार. तापल्या की एसी आला. एसी आला की जास्तीच्या पॅनेलची वीज तोच पिऊन टाकणार. म्हणजे झाड कापून वीज करायची आणि त्या विजेने झाडाची सावली विकत घ्यायची. शेवटी सगळा सांगाडा पूर्वेकडे, पाण्याच्या टाकीच्या पलीकडे सरकवला. तिथे जागा कमी. पाचशे-पाचशे वॅटची सहा पॅनेल बसायची, ती चारच बसली. तीन किलोवॅटचं दोनावर आलं. केंद्राच्या योजनेत दोन किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान मिळतं, तिसऱ्या किलोवॅटला १८,०००. म्हणजे ७८,००० मिळायचे ते ६०,००० मिळाले. कडुलिंबाची किंमत सरकारी हिशेबाने १८,००० रुपये निघाली. ह्यांनी ती वहीत ‘बाग’ या खात्यावर मांडली आहे.

पॅनेल चढवायला अर्धा दिवस पुरला. वेळ खाल्ला तो अर्थिंगने. आमची माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, हात घालावा तर कोपरापर्यंत आत जातो, मग तिथे पुरलेल्या सळईला मातीचा स्पर्श कुठून राहणार? खड्डा खोल केला, मीठ-कोळसा भरला आणि वरून पाणी सोडायला पाइपाचं तोंड उघडं ठेवलं. “गर्मियों में पानी डालते रहना,” असं बजावून पोरं गेली. तेव्हापासून तुळशीला पाणी घातलं की उरलेला तांब्या मी अर्थिंगला घालते. सासूबाई असत्या तर त्यांनी त्यालाही हळदकुंकू वाहिलं असतं.

खरी गंमत मीटरमध्ये आहे. आता जो मीटर आहे तो दोन्ही बाजूंनी मोजतो. दुपारी बारा-एकला घरात पंखा आणि फ्रिज सोडून काही चालू नसतं, तेव्हा छतावरची वीज तारेवरून बाहेर जाते आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीत वगैरे खपते. संध्याकाळी आम्ही तारेवरून वीज घेतो. महिन्याअखेर दिली किती, घेतली किती, याची वजाबाकी. आपली वीज साठवायला आपल्याला बॅटरी लागत नाही, ती जणू गावाकडे ठेवायला दिलेली असते. यात पॅनेलची करामत थोडी, कायद्याची जास्त. वीज वितरण कंपनीने ग्राहकाची वीज घ्यायलाच हवी, हे कुठेतरी कोणीतरी लिहून ठेवलं म्हणून हे होतं. २०२४च्या फेब्रुवारीत दोन गोष्टी झाल्या. एक कोटी घरांच्या छतांसाठी ७५,०२१ कोटींची पीएम सूर्यघर योजना आली, त्याची जाहिरात सगळ्यांनी पाहिली. त्याच महिन्यात ग्राहक हक्कांच्या नियमांत एक दुरुस्ती झाली. दहा किलोवॅटपर्यंतच्या घरगुती अर्जाला तांत्रिक तपासणीची वाट न बघता मंजूर धरायचं. ती कोणी पाहिली नाही. माझ्या मते छतांवरचा फरक त्या दुसरीने जास्त पडला. अनुदान माणसाला दुकानापर्यंत आणतं, पण फाइल अडली की तो तिथूनच परत जातो.

बायकांच्या मंडळात मी हे बोलू लागले की विषय लगेच बदलतो. हिरवं घर म्हटलं की सगळ्यांना करायला काहीतरी हवं असतं. ओल्या कचऱ्याचा डबा, कापडी पिशवी, बाल्कनीत मोगरा. यातलं काहीही वाईट नाही, मीही करते. पण मोगरा लावून संध्याकाळच्या विजेचं काय होतं? ती येते कोळशातून. खंडव्याकडे श्री सिंगाजी औष्णिक केंद्र आहे, २,५२० मेगावॅटचं. निमाडच्या निर्गुणी संताचं नाव, आणि धुराडी आभाळाएवढी. दिवसभर मी सूर्यवंशी, दिवेलागणीला मात्र सिंगाजी महाराजांच्या चरणी. यातून सुटायचं तर गच्चीवर आणखी काही चढवून भागणार नाही. राज्याने वीज कोणाकडून, कधी, काय भावाने घ्यायची, ते बदलायला लागतं. ते बदलतं हे आम्ही पाहिलंही आहे. २०१७ साली रीवाच्या ७५० मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला पहिल्या वर्षासाठी २ रुपये ९७ पैसे युनिट असा भाव मिळाला, तेव्हा तो ऐकून भले भले थक्क झाले होते. त्यातली जवळजवळ चौथाई वीज दिल्लीची मेट्रो घेते. दिल्लीतली मेट्रो विंध्यातल्या उन्हावर पळते. त्यासाठी कोणी घरात मोगरा लावला नव्हता, चांगला करार लिहिला होता.

आता बागेचं दुसरं टोक सांगते. म्हणजे बाग या गावाचं.

आमच्या धार जिल्ह्यातच, कुक्षी तालुक्याच्या अंगाला, बाघिनी नदीच्या काठी हे गाव. लोक लेण्यांसाठी जातात. ती पूर्वी ग्वाल्हेर संस्थानात होती. संस्थानचे पुरातत्त्व अधिकारी मो. ब. गर्दे यांनी त्यांच्यावर बरंच काम केलं, १९२१ साली नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार तिथल्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आले होते. फॉर्स्टर देवासात वीजघर सांभाळत होते, तेच हे साल. मी लेण्यांपेक्षा चादरींसाठी जाते. बाग प्रिंट. आमच्या पलंगावर कायम तीच असते, लाल आणि काळी, पांढऱ्यावर. पुण्याच्या नणंदेला, बडोद्याच्या भाच्याला लग्नात, सगळ्यांना मी तीच देते. देताना सांगतेही, नैसर्गिक रंग आहेत हो, रसायनं नाहीत. अगदी तसंच नसतं, लालसाठी आता अलिझरीन वापरतात, पण बाकी बरंच खरं.

तिथे छपाईखान्यात बसून बघण्यासारखं आहे. कोरं कापड आधी एरंडेल, खारं मीठ आणि शेळीच्या लेंड्यांच्या पाण्यात तुडवतात. वास विचारू नका. मग वाळवायचं. मग हिरड्याच्या पाण्यात, पुन्हा वाळवायचं. तेव्हा कापडाला फिकट पिवळसर छटा येते. काळा रंग लोखंडाचा गंज आणि गूळ कुजवून होतो, लालसाठी तुरटी, दोन्हींना घट्टपणा चिंचोक्याच्या खळीचा. ठसा खळीत बुडवायचा, कापडावर ठेवायचा आणि मुठीच्या मागच्या बाजूने वरून एकच ठोसा. दिवसभर तो आवाज चालू असतो, गप्पांच्या मधे मधे. ठसा उचलला की लालच्या जागी लाल दिसतच नाही, नुसता मळकट डाग. तो लाल होतो भट्टीत. मोठ्या तांब्याच्या हंड्यात पाणी, अलिझरीन आणि धावडीची फुलं, खाली लाकडाचा जाळ, आणि वर दोन माणसं लांब काठ्यांनी कापड सारखी वर-खाली करत तासन् तास उभी. उष्णता एकसारखी चढवत न्यावी लागते, नाहीतर रंग डागाळतो. मग धुणं, पुन्हा वाळवणं, कधी नदीच्या गोट्यांवर पसरून. बागच्या पाण्याने रंग खुलतो असं ते लोक सांगतात. नदीला उन्हाळ्यात आता पाणी कुठलं राहायला, म्हणून विहिरी आणि नळकूप आले. नळकूप आला की वीज आली.

खत्री घराणी सिंधकडून मारवाडमार्गे या भागात आली आणि गेल्या शतकाच्या साठीच्या दशकात बागला स्थिरावली. तोवर हे कापड मुख्यतः आसपासच्या भिल्ल-भिलाला बायकांच्या घाघऱ्या-लुगड्यांचं. चादरी, पडदे, साड्या हे आमच्यासारख्यांसाठी नंतर आलं. २००८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे शहरांतल्या घरांना हिरवं व्हायचं होतं, आणि बागची भट्टी त्या मापाने पेटत गेली.

भट्टीपाशी उभं राहवत नाही. धूर डोळ्यांत जातोच, शिवाय वाफ. काठी फिरवणाऱ्या माणसाला मी विचारलं, त्रास नाही होत? त्याने मानेनेच पंख्याकडे दाखवलं. पंखा होता, वीज नव्हती. मला तेव्हा हसू आलं आणि मग आलं नाही. त्याच अंगणात, भट्टीपासून वीस पावलांवर, शेकडो मीटर कापड फुकटच्या उन्हात वाळत होतं. ऊन तिथे पहिल्यापासून कामाला आहे, फक्त हंड्यापर्यंत त्याला कोणी नेलेलं नाही. पाणी आधी छतावरच्या नळ्यांत तापवून मग हंड्यात ओतलं, तरी जाळाचं काम बरंच कमी होईल. यात शोध कसलाच नाही, हॉस्टेलांवर आणि हॉटेलांवर हेच बसलेलं असतं. पण माझ्या छतावर ६०,००० रुपये आले ते मी राहत्या घराची मालकीण म्हणून. सूर्यघर योजना घरांची आहे, भट्टीला त्यात जागा नाही. मी चादर घेतली, माझं घर हिरवं झालं, धूर बागला राहिला.

हे बागपुरतं असतं तर मी इतकी घोळवत बसले नसते. बागहून खाली नर्मदेकडे उतरलं की निसरपूर लागायचं. आता त्याच्यावर पाणी आहे. सरदार सरोवर २०१९च्या सप्टेंबरात पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत पूर्ण भरलं आणि धार-बडवानीकडची गावं बुडाली. या धरणाच्या १,४५० मेगावॅट विजेतला ५७ टक्के वाटा नर्मदा लवादाने मध्य प्रदेशाला दिला, २७ महाराष्ट्राला, १६ गुजरातला. धूर नाही, राख नाही. कागदावर या विजेइतकी स्वच्छ वीज शोधून सापडणार नाही. बाबा आमटे १९९० साली आनंदवन सोडून बडवानीजवळ नर्मदेच्या काठी कसरावदला येऊन राहिले, ते याच स्वच्छ विजेच्या विरोधात. आमच्याकडे तेव्हा मराठी घरांतही दोन तट होते. देवासला काका म्हणायचे, पाणी आणि वीज नको का आपल्याला? काकांचंही चूक नव्हतं. त्याच साली, १९९०च्या उन्हाळ्यात, देवासला इंदूरहून रेल्वेच्या टँकरांनी पाणी आलं होतं. गाडीचं स्वागत ढोल वाजवून झालं. मी तेव्हा तिथेच होते, आणि आम्ही रांगेत घागरी घेऊन उभी राहिलेली माणसं निसरपूरचा विचार करत नव्हतो.

देवासचा तो प्रश्न पाण्याचा दिसतो, पण निम्मा विजेचा होता. सगळे नळकूप खोल खोल जात होते आणि तेवढ्या खोलातून पाणी उपसायला मोटारी मोठ्या लागत होत्या. २००६च्या सुमारास जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांनी मोठ्या शेतकऱ्यांना गाठून आपापल्या शेतात तळी खोदायला लावली. रेवा सागर म्हणतात त्यांना. टोंकखुर्दच्या बाजूला आता बघाल तिकडे तळी आहेत. पाणी वर आलं, मोटार लहान झाली. याला कोणी ऊर्जा धोरण म्हटलं नाही, पण होतं तेच. इंदूरला उलट. जलूदहून नर्मदेचं पाणी घाट चढवून आणायचं म्हणजे नळाच्या प्रत्येक घोटात वीज. म्हणून २०२३ साली इंदूर महापालिकेने लोकांकडून २४४ कोटींचे हरित रोखे घेतले, जलूदलाच ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला. माझ्या एका चुलतबहिणीने त्यात पैसे घातलेत. तिचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, छत सोसायटीचं, तिथे पॅनेल बसवायला सगळ्यांची सही मिळता मिळत नाही. ती म्हणते, माझं छत जलूदला आहे.

तिचं म्हणणं मला आवडतं. नाहीतर छतवाल्यांचं काय होतं, तर आमचं बिल उतरतं आणि तारा-खांब-रोहित्रांचा खर्च हळूहळू बिनछतवाल्यांवर सरकतो. आमच्याकडे धुणंभांडी करणारी ताई भाड्याच्या कौलारू खोलीत राहते. तिच्या कौलांवर काही बसणार नाही, आणि घरमालक बसवू देणार नाही. हे बोललं की सोलरवाले चिडतात आणि कंपन्या खूश होतात, म्हणून दोघेही अर्धवट बोलतात. मला दोन्ही बाजू दिसतात, कारण एक माझ्या गच्चीवर आहे आणि दुसरी रोज सकाळी आठला येते.

इंदूरच्या बाजूला सनावदियाला जनक पलटा मॅकगिलिगन यांचं घर मी पाहिलं, तेव्हा हे थोडं सुटल्यासारखं वाटलं. त्यांना २०१५ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी उभी केलेली बरली संस्था झाबुआ-धारकडच्या आदिवासी मुलींची. तिथलं स्वयंपाकघर मोठमोठ्या सौर तव्यांवर चालतं, आणि घरी परतणाऱ्या मुली ते शिकून जातात. सनावदियाच्या घराच्या पवनचक्कीतून आणि सोलरमधून शेजारच्या वस्तीच्या रस्त्यावरचे दिवे लागतात. घराची वीज कुंपणाबाहेर जाते, मीटरमधून नव्हे, सरळ गल्लीत. मी आल्यावर माळ्यावरची आईची सूर्यचूल काढली. काळ्या डब्यांची पेटी, वर आरसा. आई त्यात शेंगदाणे भाजायची आणि तुरीचं वरण टाकून शाळेत शिकवायला जायची. वरण अजूनही शिजतं. फक्त आपल्याला साडेनऊला कळलं पाहिजे की एक वाजता काय खायचंय, आणि हे आमच्या घरात कोणाला कळत नाही.

तरी दुपारचं महत्त्व आता सरकारलाही पटलंय. २०२३ सालच्या नियमांनी ठरवलं की उन्हाच्या तासांत वीज निदान वीस टक्के स्वस्त ठेवायची, मोठ्या व्यापारी-उद्योगांना १ एप्रिल २०२४पासून आणि शेती सोडून बाकीच्यांना १ एप्रिल २०२५पासून, स्मार्ट मीटर लागतील तसतसं. म्हणजे धुण्याचं यंत्र दुपारी लावा, पाण्याची मोटार दुपारी लावा. आमच्या आज्या पापड-कुरडया-सांडगे सगळं दुपारी उरकायच्या, त्यांना कोणी सवलत दिली नव्हती. शेती सोडून, हे दोन शब्द मात्र मला खटकतात. रब्बीत आमच्याकडे गव्हाला पाणी द्यायला माणसं डिसेंबरच्या थंडीत रात्री शेतात उभी असतात, कारण थ्री फेज तेव्हा येते. अंधार, ओल आणि साप. महाराष्ट्रात सौर कृषी वाहिनीचं काम चाललंय, गावच्या उपकेंद्राजवळच पॅनेल लावून शेतीला दिवसा वीज द्यायची. स्वच्छ ऊर्जेची मला पटलेली सगळ्यात मोठी बाजू हीच आहे, हवामानाच्याही आधी. दिवसा पाणी देता आलं तर माणूस रात्री घरी झोपेल.

वीजदर ठरवण्याआधी भोपाळचा विद्युत नियामक आयोग जनसुनावणी घेतो. कोणीही ग्राहक हरकती पाठवू शकतो, जाऊन बोलूही शकतो. उद्योगवाले वकील पाठवतात. पुण्यात प्रयास ही संस्था वर्षानुवर्षं असली कागदपत्रं बारकाईने वाचत आली आहे, पण घरच्या बायका तिकडे फिरकत नाहीत. आम्ही पडदे निवडतो, दर दुसरं कोणीतरी निवडतं. यंदा मी लिहायला घेतलं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना लांबच्या सौर प्रकल्पात हिस्सा घेऊन बिलात वजावट मिळावी, हा एक मुद्दा. शेतीला दिवसा थ्री फेज, हा दुसरा. तिसरा बागचा. कारागिरांच्या वस्तीला एकत्र सौर जोडणी मिळावी, पंखे आणि पंप त्यावर चालावेत, आणि हंड्याचं पाणी तापवायला उन्हाच्या तासांत घरगुती दराने वीज घेऊ द्यावी.

ह्यांनी मसुदा वाचला. शुद्धलेखन सुधारलं, दोन ठिकाणी ‘कृपया’ घातलं आणि तिसऱ्या मुद्द्यावर पेन्सिल थांबवली.

“भट्टी लाकडावर चालते. लाकडाचा आणि वीज आयोगाचा काय संबंध?”

“तोच तर मुद्दा आहे. पुढच्या पानावर लिहिलाय.”

त्यांनी पान उलटलं आणि चष्मा वर सरकवला. “मग हे आधी घे,” म्हणाले, “शेती मागून.” त्यावरून आमची अजून वादावादी चालू आहे. हरकती पाठवायच्या शेवटच्या तारखेला चार दिवस आहेत.